बिनठसक्याची फोडणी

मी कॅम्पवर स्वयंपाक करायची असं सांगितलं की नवीन माणसं हमखास विचारतात, "म्हणजे लग्नातला आचारी असतो तसं का?" तसं नाही. लग्नाच्या आचाऱ्याची पंगत उठली की तो झारे-कढया गोळा करून घरी जातो. जेवलेली माणसं त्याला पुन्हा दिसत नाहीत. कॅम्पवालीला तीच तोंडं सकाळ-संध्याकाळ जेवू घालायची असतात. काल वरण पातळ झालं असेल तर आज ते समोर उभं राहून ऐकावं लागतं. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. तीन दगडांची चूल, ओली-सुकी लाकडं आणि चारी बाजूंनी वारा.

या कामात मी कशी शिरले ते थोडक्यात सांगते. माझे मालक कालव्याच्या मोजणीवर खलाशी होते. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. साखळी ओढणारा, आखलेला दांडा धरून दिवसभर उन्हात उभा राहणारा माणूस. मानवतच्या शिवारात त्यांचे तंबू पडले होते आणि तिथला स्वयंपाकी एक दिवस न सांगता निघून गेला. दोन दिवस माणसं करपलेल्या खिचडीवर राहिली. तिसऱ्या दिवशी मी आमच्या घरचा बिडाचा तवा आणि माहेरची बिडाची कढई पोत्यात घालून बैलगाडीनं तिथं गेले. नणंद गया सोबत होती. दोन-चार दिवसांसाठी म्हणून गेलो होतो. पुढं कालव्याचा कॅम्प, विद्यार्थ्यांची श्रमदानाची शिबिरं, सरकी-कापसाच्या हंगामातले मजुरांचे तळ असं करत निम्मं आयुष्य आम्ही दोघींनी उघड्यावर रांधण्यात घालवलं.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. शेजारच्या जिल्ह्याचं नावही तेच असल्यानं बाहेरच्या साहेबांना वाटायचं, ही कढई बीडहून मागवली असेल. मीही कधीकधी हो म्हणून टाकायची. बिडाचं भांडं जड असतं, उचलताना कंबर धरते, आणि नवीन असताना त्यात केलेली भाजी काळी होते, तळाला चिकटते. त्याला आधी माणसाळवावं लागतं. जवसाचं तेल फडक्यानं अगदी पातळ चोळायचं, भांडं चुलीवर पालथं घालून धूर निघेपर्यंत तापवायचं, निवू द्यायचं, पुन्हा चोळायचं. असं कितीतरी वेळा केलं की त्याला काळीभोर चकाकी येते आणि मग धिरडंसुद्धा अलगद सुटतं. मात्र त्याची एक अट असते. तापलेल्या बिडाला गार पाणी लागलं की ते तडकतं. बंदुकीसारखा आवाज होतो आणि भांडं कायमचं जातं. त्याला डाग देता येत नाही, सांधता येत नाही.

एवढी कटकट कशाला, ॲल्युमिनियमची पातेली काय वाईट, असं गया सुरुवातीला म्हणायची. उघड्यावर वाऱ्यानं जाळ एकीकडे पळाला की पातळ पातेलं लगेच थंड पडतं आणि जाळ परत आला की तळाला करपतं. बीड एकदा तापलं की तापलेलंच राहतं. चुलीवरून उतरवलं तरी आतलं अन्न रटरटत असतं. याच गुणावर आमचं चारठाण्याचं शिबिर तरलं. तीच हकीगत सांगायला बसले आहे.

चारठाण्याला जुनी दगडी देवळं आहेत, बारव आहे, आणि गावाकडेला शाळेचं मोठं मैदान होतं. तिथले एक निवृत्त गुरुजी मोठे खटपटे होते. जिंतूर तालुक्यात मोतीबिंदूनं आंधळी झालेली किती म्हातारी माणसं घराच्या कोपऱ्यात बसून आहेत हे त्यांनी पाहिलं आणि गावोगाव फिरून नेत्र शिबिराचा इंतजाम केला. कुणी ज्वारी दिली, कुणी तुरीची डाळ, कुणी तूप. बाहेरगावचे सर्जन पदरचं खर्चून यायला तयार झाले. शाळेच्या वर्गात ऑपरेशन, मैदानात कापडी मांडव आणि त्यात खाटांच्या रांगा. स्वयंपाकाला आम्ही दोघी. गुरुजींनी आम्हाला श्रमदानाच्या शिबिरात पाहिलं होतं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती वर्षं होती. एका गावची माणसं एका पारावर बसेनाशी झाली होती. गुरुजींनी खाटा गावाप्रमाणे लावल्या नाहीत, आडनावाप्रमाणेही नाहीत. ज्याचं ऑपरेशन आधी त्याची खाट आधी. कुणी कुरकुरलं तर ते शांतपणे म्हणायचे, "डोळा आधी करून घ्यायचाय का खाट?" मग माणूस दाखवलेल्या खाटेवर जाऊन बसायचा.

असं करता करता मानवतचे धान्याचे व्यापारी महालिंगअप्पा आणि दुष्काळी कामावर खडी फोडणारा भिवाजी शेजारी शेजारी आले. अप्पा गोरे, धिप्पाड, गळ्यात लिंग. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत. त्यांची लेक चारठाण्यात दिलेली होती, म्हणून ते इथं आले होते. आल्या आल्या त्यांनी मला बोलावून विचारलं, "बाई, तुमच्या भांड्यात कधी वशट शिजलंय का?"

मी म्हणाले, "अप्पा, शिबिराची भांडी मी निराळी ठेवते. यात आजवर शाकाहारीच शिजलंय."

"मग हरकत न्हाई," ते म्हणाले आणि आडवे झाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन चुलीपाशी आले. उंच, घाईत असणारे, पण बोलताना समोरच्याकडे नीट बघणारे गृहस्थ. म्हणाले, "ताई, डोळ्याला केसासारख्या दोऱ्याचे टाके घालणार आहे. माणूस खोकला, शिंकला किंवा त्यानं जोर केला की डोळ्यावर आतून दाब येतो. टाका सुटला तर डोळा गेलाच. पट्टी सुटेपर्यंत हे सगळे उताणे पडून राहणार. कडक काही चावायचं नाही. आणि मांडवाकडे फोडणीचा ठसका येता कामा नये. तेवढं तुमच्याकडे."

मी हो म्हणाले. जिम्मेदारी केवढी आहे ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

ऑपरेशनं झाली. शंभरावर माणसं दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून उताणी पडली. डोकं हलू नये म्हणून कानांशी वाळूच्या पिशव्या. पहिल्या दिवशी आम्ही मऊ खिचडी, दुधातला दलिया आणि शिरा केला. फोडणी नाही, मिरची नाही, लसूण नाही. स्वयंसेवक मुली चमच्यानं भरवायला गेल्या. पहिल्या दिवशी म्हाताऱ्यांनी गुमान गिळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांच्या रांगेतून आवाज आला.

"पोरी, ही काय खिचडी हाय का खळ? पतंगाला लावायची का ही?"

त्या सरूआजी. पाथरीकडच्या, वाळक्या अंगाच्या, पण आवाज असा की मांडवाच्या त्या टोकाला ऐकू जायचा. भरवणारी मुलगी म्हणाली, "आजी, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरला म्हणावं, आमी अंगठा देऊन डोळे दिले. जीभ न्हाई दिली. डोळे बांधले ते बांधले, आता जीभ बी बांधता का?"

पुरुषांच्या रांगेत हशा पिकला. हसण्यानंसुद्धा दाब येतो, म्हणून मुली घाबरल्या. तेवढ्यात अप्पांनीही वाटी बाजूला सारली. "बाई बरोबर बोलायलीय," ते म्हणाले. "मी बी न्हाई खायचो. माझ्या घरी गड्याला बी याहून बरं जेवण मिळतं." आणि ते कोपरावर भार देऊन उठायला लागले.

शेजारच्या खाटेवरून भिवाजीनं चाचपडत हात लांब केला आणि त्यांचं मनगट धरलं. "अप्पा, पडून ऱ्हावा. डोळा जाईल."

अप्पा पडले, पण जेवले नाहीत. त्यांचं बघून, म्हणजे ऐकून, रांगच्या रांग जेवेना. दुपारपर्यंत पट्टीवाल्यांचा संप पक्का झाला. उपाशी माणूस चिडतो, उठतो, नातेवाइकाला हाक मारतो, घरी चला म्हणतो. दोन नातेवाईक खरंच गाडी जुंपायला निघाले होते. गुरुजींचा चेहरा उतरला. सर्जन हात धुऊन माझ्याकडे आले. त्यांना राग आला नव्हता.

"तिखटाला माझी हरकत नाही, ताई," ते म्हणाले. "ठसक्याला आहे. ठसका न उठवता यांना चव देता येईल असं काही आहे का तुमच्याकडे?"

"बघते," मी म्हणाले.

गया म्हणाली, "वहिनी, फोडणी म्हणजेच ठसका. आग म्हणजे धूर. कसं करशील?"

गयाला स्वतःला मिरची जरा जळली की शिंकांची माळ लागायची. सासूबाई मिरच्या भाजायला घेणार असल्या तर गयाला आधी मळ्यात पाठवायच्या. तिच्याकडे बघता बघता मला सुचलं. ठसका लागतो की नाही हे कळायला पट्टीवाल्यांची गरज नव्हती. गया होती.

हिवाळा होता, वारा उगवतीकडून यायचा. आमची चूल पाण्याच्या सोयीसाठी मांडवाच्या उगवतीलाच होती. ती मोडली. मावळतीला, बारवेच्या पलीकडे, वारा मांडवाकडून आमच्याकडे येईल अशा जागी नवीन चूल घातली. गयाला मांडवाच्या कडेला उभं केलं आणि साधी फोडणी करून बघितली. जरा वेळानं वारा फिरला आणि लांबून गयाची शिंक ऐकू आली. एक, दोन, मग थांबेचना. म्हणजे नुसतं लांब जाऊन भागणार नव्हतं. धूर उठायलाच नको होता.

माझ्याकडे बिडाचं एक खोल पातेलं होतं. परभणीच्या भंगारवाल्याकडून घेतलेलं. निजामाच्या काळातल्या कुण्या साहेबाच्या दौऱ्याच्या सामानातलं असावं, असं तो म्हणायचा. झाकण इतकं जड आणि नेमकं, की बसलं की वाफ बाहेर येत नसे. मी विचार केला, फोडणी धुरावते ती खाली जाळ असतो म्हणून. बिडाला मग जाळ लागतोच कशाला?

पातेलं रिकामंच तापवलं. मग चुलीवरून उतरवून जमिनीवर ठेवलं. त्यात करडईचं तेल घातलं, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण टाकला आणि लाल मिरच्या देठासकट, न मोडता, म्हणजे बी तेलात जाऊन जळणार नाही. लगेच झाकण. आत चरचर ऐकू येत होती. बाहेर काहीच नाही. खाली आग नव्हती. बीड आपल्या पोटातल्या उष्णतेनं फोडणी करत होतं. चरचर थांबली तशी पुरे झाली म्हणून समजले. झाकण किंचित सरकवून उकळतं वरण आत ओतलं. उकळतंच ओतायचं, कारण कोमट ओतलं असतं तर पातेलं तडकलं असतं. आणि मग कणकेची वळी करून झाकणाची कड बंद करून टाकली.

पातेल्याच्या कड्यांतून वासा घातला. मी एका टोकाला, गुरुजी दुसऱ्या टोकाला. खांद्यावर घेऊन मांडवाकडे निघालो. गुरुजी वाटेत दोनदा म्हणाले, "अनुसयाताई, हे अन्न आहे का लोखंडाची खाण?" पण त्यांनी खांदा सोडला नाही.

मांडवात पातेलं ठेवलं. गया शेजारी उभी. कणीक फोडून झाकण उचललं. वरण अजून रटरटत होतं. वाफ वर आली आणि मी गयाच्या नाकाकडे बघत राहिले. सर्जनही बघत होते. गयानं श्वास घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला.

"काही न्हाई होत," ती म्हणाली. "भूक लागायलीय फक्त."

वास रांगांवरून सरकत गेला. बायकांच्या रांगेतून सरूआजींचा आवाज आला, पण या वेळी हळू. "लसूण. कुणीतरी लसूण घातलाय गं."

मिरच्या देठाला धरून अख्ख्या काढून घेतल्या. बिडाच्या तव्यावरची ज्वारीची भाकरी पापुद्रे सुटे करून त्या वरणात कुस्करली. चावायला काही उरलं नाही, जिभेला मात्र सगळं. मुली भरवायला लागल्या. अप्पांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ तोंडात तसाच ठेवला.

"भिवाजी," ते म्हणाले, "तुला मिळालं का?"

"मिळालं अप्पा. लय दिवसानं घरचं खाल्ल्यावानी वाटायलंय."

"वाढा बाई आणखी," अप्पा म्हणाले. "आणि सकाळी मी कायबाय बोललो, ते मनावर घेऊ नका."

सरूआजींनी तीन वेळा मागून घेतलं. मग मला बोलावून म्हणाल्या, "पोरी, उद्या काय शिजवायलीस?" संप तिथंच मिटला. सर्जन स्वतः ताट घेऊन चुलीपाशी आले आणि उभ्या उभ्या जेवले.

पुढं रोज नवीन काही बिनठसक्याचं करायचा आम्हाला नादच लागला. वांगी निखाऱ्यावर भाजून बारीक कुस्करलेलं भरीत. झाकणावर निखारे ठेवून पातेल्यात दमावर शिजवलेला दुधीचा गोळा. पोट साफ व्हावं म्हणून ज्वारीच्या कण्या ताकात. ताकासारखं आंबट काही बिडात ठेवायचं नसतं, चव बिघडते, म्हणून त्या तेवढ्या ॲल्युमिनियममध्ये. अप्पा चवीवरून सांगायचे, हे बिडातलं नाही. बरोबर ओळखायचे.

पट्ट्या सुटायच्या आदल्या दिवशी मात्र घात होता होता राहिला.

रुग्णांचे नातेवाईक मैदानाच्या कडेला उघड्यावरच राहत होते. आपापल्या चुली घालायचे, पिठलं-भाकरी करून खायचे. गुरुजींनी सगळ्यांना मावळतीकडे बसवलं होतं. त्या दिवशी नव्यानं आलेली एक लेकुरवाळी बाई उगवतीच्या लिंबाखाली सावली बघून बसली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं दगडांची चूल केली आणि ठेच्यासाठी तव्यावर वाळक्या मिरच्या भाजायला घातल्या. पोर रडायला लागलं म्हणून ती त्याला घ्यायला उठली आणि मिरच्या पेटल्या.

मी तेव्हा माझी माहेरची कढई धुऊन-पुसून, जवसाचं तेल लावून, चुलीवर पालथी तापवत होते. मांडवातून खोकला ऐकू आला. एक, मग लगेच दुसरा. लिंबाखालून पिवळसर धूर सरळ मांडवाकडे निघाला होता. गया ओरडली, "वहिनी, मिरच्या!"

मला आठवतं ते एवढंच, की फडक्यानं कढईचे कान धरले आणि पळाले. तोंडाला पदर बांधायलाही सुचलं नाही. जाऊन ती कढई तव्यावर, मिरच्यांवर, त्या अख्ख्या चुलीवर पालथी टाकली. धूर कोंडला. कडेनं जरा येत होता तो मी माती सारून बुजवला. फडकं कधीच जळून गेलं होतं, तळवे होरपळले होते, ते नंतर कळलं. डोळ्यांतून पाणी, श्वास घेता येईना. पण मांडवाकडे जाणारा धूर तुटला होता.

तेवढ्यात गुरुजी घागर घेऊन धावत आले. त्यांना कढई दिसलीच नाही, आग विझवायची एवढंच डोक्यात होतं. मी "नको" म्हणेपर्यंत त्यांनी घागर रिकामी केली.

आवाज असा झाला की मैदानातली कुत्री पळाली. कढई काठापासून तळापर्यंत दुभंगली.

गुरुजी घागर धरून तसेच उभे राहिले. "ताई, हे मी काय केलं?" ते म्हणाले.

"आधी मांडवात बघा," मी म्हणाले.

सर्जन तिथं पोचले होते. खोकला आलेल्यांना धरून, कपाळावर हात ठेवून शांत करत होते. एकेकाची पट्टी किंचित उचलून विजेरीनं बघत होते. आम्ही दाराशी उभे. शेवटच्या माणसाची पट्टी नीट करून ते वळले आणि म्हणाले, "सगळे टाके जागेवर आहेत."

त्या लेकुरवाळ्या बाईला कुणी बोलायला लागलं तर मी बोलू दिलं नाही. तिला काय माहीत? चूक आमची होती. शंभर रुग्णांची सोय केली आणि त्यांच्या माणसांना वाऱ्यावर सोडलं. संध्याकाळी मी गुरुजींना सांगितलं, "आता मैदानात एकच चूल पेटंल. नातेवाईक सगळे माझ्याकडं जेवतील."

"दुप्पट स्वयंपाक होईल, ताई. तुमचे हात तर भाजलेत."

"भाकरी थापायला ही बाई हाय की," मी म्हणाले. आणि ती बाई खरंच, पोर पाठीशी बांधून, गयाशेजारी बसली आणि भाकऱ्या थापायला लागली. तिच्या भाकऱ्या माझ्यापेक्षा चांगल्या फुगायच्या, हे इथं लिहून ठेवते.

कढईचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आईनं चोळून चोळून माणसाळवलेली होती ती. तशी चकाकी मी पुढं कुठल्याच भांड्याला आणू शकले नाही. दोन तुकडे मी घरी आणले, मग भंगारात दिले. ठेवून काय करणार होते?

पट्ट्या सुटल्या त्या सकाळी मांडवाच्या कनाती थोड्या उघडल्या, कारण एकदम उजेड नको. सर्जन एकेकाच्या खाटेशी बसून पट्टी काढत आणि बोटं धरून विचारत, "किती?" कुणी मोठ्यानं सांगे, कुणी नुसतंच रडे आणि मग डॉक्टर दटावत, "रडायचं नाही, रडायचं नाही." सरूआजींनी बोटं सांगायच्या आधी मला शोधलं. "ती आचारीण कुठंय?" मी पुढं गेले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "एवढीशी व्हय तू? मला वाटलं लय दांडगी असंल. त्या पातेल्याच्या आवाजावरून."

अप्पांना स्वच्छ दिसलं. भिवाजीला दिसलं नाही. त्याच्या डोळ्याची आतली शीर आधीच वाळली होती, सर्जननी त्याला ते ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं, आणि तरी करा असं तोच म्हणाला होता. उजेड-अंधार तेवढा कळत होता. मुली त्याच्या खाटेभोवती जमल्या. भिवाजीच म्हणाला, "शंभरात एखाद्याचं ऱ्हायचंच. बाकीच्यांचं झालं न्हवं?"

त्या दुपारी जेवायला माणसं पहिल्यांदा आपल्या पायांनी पंगतीला आली. अप्पा आले ते भिवाजीचा हात धरून. आपल्या शेजारी बसवलं, त्याच्या ताटात स्वतः भाकरी मोडून दिली आणि सांगत गेले, "इकडं वरण हाय. डाव्या हाताला गूळ. भाकर अशी पांढरीशिप्पट हाय बघ, कडंला जराशी तांबूस." त्या वर्षांत मानवतचा व्यापारी असा पंगतीत बसला, हे बघायला चारठाण्याची माणसं मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. अप्पांनी कुणाकडे मान वळवली नाही. ते जेवत होते.

संध्याकाळपर्यंत जीपा, बैलगाड्या आणि एसट्या भरभरून गेल्या. मांडव रिकामा झाला. खाटा उभ्या करून ठेवल्या. गुरुजी, सर्जन, स्वयंसेवक मुली, गया, मी आणि ती लेकुरवाळी बाई एवढेच उरलो. इतक्या दिवसांत आमच्यापैकी कुणी पोटभर बसून जेवलं नव्हतं.

सर्जन बाही सारून चुलीपाशी येऊन बसले. "ताई," ते म्हणाले, "आता कुणाचा टाका सुटणार नाही. मला खरी फोडणी खायची आहे."

मी बिडाचं पातेलं चुलीवर चढवलं आणि खाली जाळ सोडला. तेल चांगलं धुरावू दिलं. मोहरी, जिरं, लसूण. मग मूठभर लाल मिरच्या, मोडून, बियांसकट, आणि झाकण लांब ठेवून दिलं.

धुराचा लोट उठला. पहिली शिंक अर्थातच गयाची. मग गुरुजी खोकायला लागले, मग मुली, मग ती बाई आणि तिचं पोर. सर्जन तोंडाला रुमाल लावून मैदानभर पळत होते, ठसकत होते आणि हसत होते. ज्याला त्याला ठसका लागला होता आणि कुणीही कुणाला थांबवत नव्हतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यातच मी उकळतं वरण ओतलं आणि ओरडले, "चला, पानं वाढायलेय!"

गया शिंकता शिंकता म्हणाली, "वहिनी, थांब. एवढी शिंक पुरी होऊ दे."

आम्ही थांबलो. तिची शिंक पुरी झाली, मग जेवायला बसलो.